कारवानच्या बरगड्या दिसतात, म्हणजे तो उपाशी आहे का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. अकरा महिन्यांचा कारवान जातीचा नर कुत्रा, जत तालुक्यातल्या मामांच्या गावाहून पिल्लू असताना पुण्याला आणलेला. वजन २१ किलो. सोसायटीतले लोक तोंडावर विचारतात, कुत्र्याला खायला घालत नाही का? नसबंदीआधी रक्त तपासलं तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, १ लाख ३८ हजार निघाल्या. डॉक्टरांनी गोचीड तापाची शंका धरून डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स लिहून दिला, तो अजून सुरू केलेला नाही. कुत्र्याला ताप नाही, जेवतो, पळतो. महिन्याभरापूर्वी अंगावर तीन-चार गोचीड सापडले होते. आता गोळ्या सुरू करायच्या का, वजन कसं वाढवायचं आणि नसबंदीची भूल त्याला झेपेल का?

मी गेली २७ वर्षं सांगली, जत, सांगोला या पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. म्हशी-शेळ्या सोडल्या तर माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त गेलेलं जनावर म्हणजे कारवान. त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्या कुत्र्याला लॅब्रॉडॉरच्या मापानं मोजलं जातंय. वजन मोजणाऱ्या शेजाऱ्यांकडूनही आणि रक्त मोजणाऱ्या मशीनकडूनही. पण कारवान असाच असतो म्हणून निर्धास्त राहिलात तर खरा आजारही त्याच वाक्याआड लपतो. दोन्हीत फरक कसा करायचा तेच सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा हात लावून बघा, डोळ्यांवर जाऊ नका. तो उभा असताना मागून त्याच्या मांड्या दोन्ही तळव्यांत धरा. निरोगी कारवानची मांडी भरलेली आणि टणक लागते, ओल्या दोरखंडासारखी. मग पाठीच्या कण्यावरून अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी फिरवा. मणके हाताला लागतील, ते लागायलाच हवेत, पण मणक्यांच्या दोन्ही अंगाला मांसाचे पट्टे भरलेले असले पाहिजेत. तिथे खाच पडलेली असेल, मांड्या आतून पोकळ वाटत असतील, कपाळाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या वर खळगे पडले असतील, तर ते जातीचं सडपातळपण नाही, मांस झडलंय. शेवटच्या तीन बरगड्या दिसणं, खुब्याची दोन टोकं दिसणं, पोट आत ओढलेलं असणं हे या जातीत चालतं. सगळ्या बरगड्या लांबून मोजता येत असतील तर मात्र चालत नाही. केस बघा. चमक असेल, त्वचेवरून हात सुळकन सरकत असेल तर चांगलं. केस रखरखीत, उभे आणि कोंडा असेल तर पोटात जंत किंवा खाण्यात प्रथिनांची कमतरता, यापैकी काहीतरी बहुतेक वेळा निघतंच.

अकरा महिन्यांच्या नराचं २१ किलो हे माझ्या मते ठीक वजन आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साधारण २७ इंचांच्या आसपास भरतो आणि वजन पंचवीस किलोच्या मागे-पुढे राहतं. त्यातलं शेवटचं तीन-चार किलो तो दीड ते दोन वर्षांपर्यंत सावकाश भरतो, छाती खोल होते, मान जाड होते. आत्ता घाईनं चरबी चढवलीत तर ते वजन वाढत्या सांध्यांवर पडतं.

तुम्ही हेही विचारलंय की हा कारवान की मुधोळ. कुत्रं तेच, नावं दोन. महाराष्ट्रात भटक्या तांड्यांबरोबर फिरणारं म्हणून कारवान. आणि मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या पंचम जॉर्जना जोडी भेट दिली, म्हणून मुधोळ हाउंड. केनेल क्लब ऑफ इंडिया कॅरवान हाउंड म्हणून नोंद करतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ म्हणून. टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यातही हा मुधोळ हाउंड या नावानं आहे. कानांवर आणि शेपटीला रेशमी झालर असलेला तो पश्मी. पश्म म्हणजे लोकर, त्यावरून ते नाव. आजाराच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की हे सगळे ग्रेहाउंड, सलुकी यांच्या जातकुळीतले, नजरेनं सावज हेरून वेगानं गाठणारे कुत्रे आहेत. आणि वेगासाठी घडलेलं शरीर आतूनही वेगळं असतं.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. ग्रेहाउंडच्या रक्ताचा जगभर भरपूर अभ्यास झालाय, कारण तो शर्यतीचा कुत्रा. त्यात दिसतं असं की त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे रिपोर्टमधला पीसीव्ही, इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतो. साध्या कुत्र्याचा ३७ ते ५५ धरतात, ग्रेहाउंडचा ५० ते ६५. उलट प्लेटलेट कमी असतात. साध्या कुत्र्यात दोन लाखांच्या खाली गेल्या की आपण भुवया उंचावतो, ग्रेहाउंडमध्ये दीड लाख किंवा त्याहून थोड्या कमी प्लेटलेट असणारा कुत्रा ठणठणीत असू शकतो. पांढऱ्या पेशीही थोड्या कमीच. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन जरा वर, कारण अंगात मांस जास्त. थायरॉइडचा टी-फोर इतका खाली की नुसत्या तेवढ्या आकड्यावर निरोगी कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. आमच्या कारवानांतही मला वर्षानुवर्षं हेच चित्र दिसत आलंय. मशीन मात्र जात विचारत नाही. ते शेजारी छापलेल्या मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे खूण करतं आणि मोकळं होतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये पीसीव्ही ५४ आहे, हिमोग्लोबिन १८ च्या वर आहे. मला धीर येतो तो या आकड्यांमुळे, प्लेटलेटमुळे नव्हे. गोचीड ताप अंगात मुरलेला असता तर प्लेटलेटबरोबर बहुतेक वेळा पीसीव्हीही घसरायला लागतो.

उलटा अनुभवही सांगतो, कारण तो मी विसरू शकत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मेंढपाळ आजोबा पांढऱ्या-बदामी रंगाची कारवान मादी घेऊन आले. म्हणाले, डॉक्टर, हिचं पळणं कमी झालंय, सकाळी कळपापुढे जायची ती आता मागं राहतीया. ताप १०२.८, म्हणजे जेमतेम वर. रक्त तपासलं, पीसीव्ही ३८. रिपोर्टवर कुठेच खूण नव्हती, सगळं मर्यादेत. मी टॉनिक देऊन पाठवलं. नवव्या दिवशी ते तिला खांद्यावर टाकून आले. नाकपुडीतून रक्ताची बारीक धार लागलेली, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. एर्लिकिया होता, म्हणजे गोचिडातून येणारा, गोचीड तापाचा जंतू. ज्या जातीचा नेहमीचा पीसीव्ही पन्नाशीच्या पुढे, तिथे ३८ म्हणजे ती आधीच एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्त गमावून बसली होती, आणि मी त्याला नॉर्मल म्हटलं होतं. आजोबांनी मात्र बरोबर ओळखलं होतं, ती मागं राहतीया. ती वाचली, पण फार थोडक्यात.

तेव्हा तुमच्या बाबतीत काय करावं? तुमचे डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. गोचीड सापडलेत, प्लेटलेट कमी आहेत, त्यांना शंका येणं बरोबर आहे. शिवाय एर्लिकियाची एक अवस्था अशी असते की कुत्रा महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं वरून ठणठणीत दिसतो आणि रक्तात फक्त प्लेटलेट कमी असतात. म्हणून नुसतं जातीच्या नावावर हा विषय मिटवता येत नाही. पण अंदाजानं २८ दिवस गोळ्या देण्याआधी दोन-तीन गोष्टी मागून घ्या. एक, काचपट्टीवर रक्ताचा थर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली प्लेटलेट डोळ्यांनी मोजणं. रक्त काढताना सुई हलली, नळीत नीट मिसळलं गेलं नाही, की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीनला ते गठ्ठे प्लेटलेट म्हणून दिसतच नाहीत. हा प्रकार आठवड्याला एकदा तरी होतो. दुसरी काचपट्टी कानाच्या कडेला बारीक टोचून आलेल्या थेंबाची घ्यायला सांगा. बबेसिया, म्हणजे गोचिडातूनच येणारा दुसरा जंतू, आणि एर्लिकिया तिथल्या रक्तात दिसण्याची शक्यता जास्त असते. तिसरं, गोचीड तापाचं किट. किट पॉझिटिव्ह आलं तर त्याला कधीतरी संसर्ग झाला होता एवढंच कळतं. आत्ता जंतू आहेत का, हे पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा अंश शोधणारी तपासणी, सांगते. काचपट्टी साफ, पीसीआर निगेटिव्ह, पीसीव्ही पन्नाशीत आणि कुत्रा खेळतोय, तर मी गोळ्या न देता तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा बघतो.

किट आणि पीसीआर दोन्ही पॉझिटिव्ह आले, किंवा प्लेटलेट पुढच्या तपासणीत एक लाखाच्या खाली गेल्या, तर गोळ्या द्यायच्या आणि पूर्ण २८ दिवस द्यायच्या. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि दहाव्या दिवशी लोक गोळ्या बंद करतात. पुन्हा येणारे निम्मे रुग्ण असेच असतात. डॉक्सिसायक्लिन नेहमी जेवणाबरोबर द्यावी, मागून पाणी पाजावं. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. बबेसिया निघाला तर मात्र एकट्या डॉक्सिसायक्लिननं भागत नाही, त्याची औषधं वेगळी आणि तीही बबेसिया कुठल्या प्रकारचा आहे त्यावर ठरतात.

एक काम आजपासून तुम्हीच करा. रोज संध्याकाळी वरचा ओठ उचलून हिरडी बघा आणि अंगठ्यानं दाबा. पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघायला शिका. १०१ ते १०२.५ हा नेहमीचा. लघवी चहासारखी गडद झाली, नाकातून रक्त आलं किंवा कुत्र्यानं सलग दोन वेळचं जेवण सोडलं, तर सकाळची वाट बघू नका.

गोचीड तीन-चारच सापडले म्हणता, पण अंगावर दिसतात ते थोडेच असतात. मादी गोचीड रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगते, अंगावरून खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात, बाल्कनीतल्या कुंडीमागे हजारोंनी अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं कोंड्याएवढी बारीक असतात आणि तीही याच कुत्र्यावर चढतात. म्हणून बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी रोज बघा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल, काडीनं चटका देणं, नखांवर चिरडणं हे प्रकार नकोत. फ्लुरालानर, अफोक्सोलानर या गटातली चघळायची गोळी आज सगळीकडे मिळते आणि माझ्या अनुभवात तिच्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही. फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. घरात फवारणी करायची तर कुत्र्याला बाहेर नेऊन, पूर्ण वाळेपर्यंत आत आणू नका. आणि तुमच्याकडे मांजर असेल तर कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनचं औषध तिच्या आसपासही येऊ देऊ नका, थोडंसं अंगाला लागलं तरी मांजर दगावते.

आता खाणं. गावाकडे कारवान भाकरी, ताक आणि मिळेल त्यावर वाढतो, आणि गावातली मंडळी म्हणतात त्यात काय बिघडलं. बिघडतं ते पिल्लांत. नुसत्या दूध-भाकरीवर वाढलेल्या पिल्लांचे पुढचे पाय वाकलेले मी कितीतरी बघितलेत. तुमच्या मामांना विचारा, याच्या भावंडांचे पाय कसे आहेत आणि आईला जंताचं औषध कधी दिलं होतं. जंत आईच्या दुधातूनही पिल्लात येतात. तुमच्या कुत्र्याची विष्ठा एकदा तपासून घ्या आणि मगच वजनाची काळजी करा.

२१ किलोच्या, रोज पळणाऱ्या तरुण कुत्र्याला दिवसाला साधारण अकराशे ते तेराशे कॅलरी लागतात. घरच्या भाषेत बोलायचं तर तीनशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन, दोन उकडलेली अंडी, मध्यम आकाराच्या तीन ज्वारीच्या भाकऱ्या, मूठभर शिजवलेला भोपळा किंवा गाजर आणि चमचाभर तेल. हे दोन वेळांत विभागून. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, म्हणून अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड अर्धा ते पाऊण चमचा रोज घाला. ती घालत असाल तर वरून कॅल्शियमचं सिरप नको. कांदा-लसणाचा रस्सा, शिजवलेली हाडं, द्राक्षं-मनुका, चॉकलेट अजिबात नको. आमच्या भागात द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड दारात असतात, तिथे हे मला दर हंगामात सांगावं लागतं. जेवणानंतर दोन तास त्याला पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्यात पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो.

नसबंदीबद्दल माझं मत. घाई नको. पंधरा ते अठरा महिने होऊ द्या, हाडांची वाढ पूर्ण होऊ द्या. आणि आधी रक्ताचा वरचा प्रश्न सुटू दे. प्लेटलेट नेमक्या कशामुळे कमी आहेत हे न कळता चाकू लावणं मला पटत नाही. भुलीबद्दल मात्र डॉक्टरांशी बसून बोला. थायोपेंटोन हे जुनं, स्वस्त आणि अजूनही वापरात असलेलं भुलीचं औषध आहे. साध्या कुत्र्यात ते चरबीत आणि मांसात पसरतं आणि कुत्रा लवकर जागा होतो. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी थोडी आणि त्याचं यकृतही हे औषध फार सावकाश मोडतं, त्यामुळे तो तासन्‌तास गुंगीत राहतो. कारवानमध्ये मी ते केव्हाच बंद केलंय. प्रोपोफॉल हळूहळू शिरेतून द्यायचं आणि पुढे गॅसवर ठेवायचं, हे सगळ्यात सुरक्षित. गॅसची सोय नसेल तर केटामाइन-डायझेपाम चालतं. हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. माझ्याकडे असं विचारणारा मालक आला की मला बरंच वाटतं.

भुलीतून उठताना हा कुत्रा गार पडतो. चरबी नाही, केस आखूड, टेबल स्टीलचं. खाली जाड गोधडी, वर पांघरूण, आणि गरम पाण्याची बाटली ठेवायचीच असेल तर टॉवेलात गुंडाळून, कारण याची कातडी पातळ असते, लगेच भाजते. ग्रेहाउंडमध्ये ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी उशिरा रक्तस्राव होतो, मांडीच्या आतून काळं-निळं पडत जातं. म्हणून पहिल्या दिवशी जखम कोरडी दिसली तरी पुढचे तीन दिवस रोज बघा आणि रक्त थांबवायचं औषध आधीच हाताशी ठेवायला डॉक्टरांना सांगा. दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका. माणसाच्या या गोळ्यांनी आतड्याला भोक पडून आणि मूत्रपिंड निकामी होऊन कुत्रे मेलेले मी स्वतः उघडून बघितलेत.

पट्टा बदला. कारवानची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा मागे ओढला की निसटतो आणि समोर मांजर दिसलं तर तो रस्त्यापलीकडे गेलेला असतो. रुंद, ओढल्यावर बेतानं आवळणारा पट्टा घ्या. त्याला रोज एकदा तरी कुंपण असलेल्या मैदानात मोकळं पळू द्या; दोरीला बांधून तासभर चालवण्यापेक्षा दहा मिनिटांचं भरधाव पळणं त्याला जास्त मानवतं. काटेरी तार आणि बाभळीपासून जपा, इतर कुत्र्याला खरचटतं तिथे याची कातडी फाटते. आणि गावी गेल्यावर मामांची पोरं त्याला सशामागे सोडायला निघाली तर थांबवा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि उन्हाळ्यात दुपारी पळवलेला कारवान उष्माघातानं जातो. ताप १०६ च्या वर गेला तर अंगावर साधं पाणी ओतत, पंख्याखाली धरून, त्याच ओल्या अंगानं दवाखान्यात न्यायचं.

सगळ्या तपासण्या साफ आल्या की त्या दिवशीचा रिपोर्ट फाइलला लावा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: कारवान, निरोगी असतानाचे आकडे. शेजारी वजन आणि मागून काढलेला मांड्यांचा फोटो. दर वर्षी रेबीजची लस टोचायला न्याल तेव्हा त्यात नव्या आकड्यांची भर घाला. उद्या रात्री-अपरात्री कुठल्याही अनोळखी डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तो मशीनच्या छापील आकड्यांऐवजी या पानाशी ताडून बघेल. तीन आठवड्यांनंतरचा रिपोर्ट आणि काचपट्टीवर काय दिसलं ते मला कळवा, त्यावरून नसबंदीची तारीख ठरवता येईल.